जागरण करून ईईजी: आदल्या दुपारपासून घरी परतेपर्यंत काय करायचं

सकाळी साडेआठला नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्या खोलीत उड्या मारतच शिरला. मागून डोळे लाल झालेले वडील. "मॅडम, सांगितलं तसं केलं. रात्री बारापर्यंत जागवला, पहाटे चारला उठवला. एसटीत बसल्यावर जरा डोळा लागला त्याचा, तेवढंच."

"जरा म्हणजे किती?"

"असेल तास-सव्वा तास."

तिथेच त्या दिवसाचं काम संपलं होतं. तारा लावल्या, दिवा मालवला, आणि पोरगा पन्नास मिनिटं पंख्याकडे बघत पडून राहिला. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची. वडिलांचा आणखी एका दिवसाचा रोज बुडणार होता.

मी ईईजी काढते, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेच्या संकेतांची नोंद घेते. लोक याला मेंदूचा पट्टा किंवा डोक्याची पट्टी म्हणतात. जागरण करून काढायच्या पट्टीत बिनसतं ते बहुतेक वेळा आमच्या खोलीबाहेर: घरी, गाडीत, रुग्णालयाच्या बाकड्यावर. जागरण हे नुसतं साधन आहे. आम्हाला हवी असते ती झोप, आणि तीही डोक्यावर तारा लागलेल्या असताना. दमलेला पेशंट आणलात आणि त्याची झोप वाटेतच सांडली, तर रात्रभराची मेहनत वाया.

झोपच का, तर फिटच्या आजारात मेंदूतच उठणारे विजेचे झटके पुष्कळ जणांत पेंग येताना आणि हलक्या झोपेत जास्त उमटतात. काही मुलांना रात्री झोपेत तोंडाची एक बाजू ओढली जाते, लाळ गळते. अशांची जागेपणीची पट्टी साफ असू शकते, झोप लागली की तीच खुणांनी भरून जाते. उलट काही तरुण मुलामुलींचा सकाळी उठल्या उठल्या हात उडतो, ब्रश किंवा चहाचा कप हातातून पडतो. त्यांच्यात झोपेतून उठल्यानंतरची मिनिटं मोलाची असतात. शिवाय काही प्रकारांत अपुरी झोपच हे झटके वाढवते. म्हणून हा सगळा खटाटोप.

टप्पा १: तारीख घेतानाच विचारायचं

प्रत्येक ठिकाणचा नियम थोडा वेगळा असतो. तुमच्या हातात दिलेला कागद आणि हा लेख यांत फरक पडला, तर कागदाचं ऐका. कागद दिला नसेल तर खिडकीवरच विचारा: नेमके किती तास झोपायचं? किती वाजता यायचं? झोपेचं औषध देणार का? देणार असाल तर खाणं कधी थांबवायचं?

मोठ्या माणसांना साधारणपणे रात्रभर जागायला किंवा जास्तीत जास्त चार तास झोपायला सांगतात, उदाहरणार्थ बारा ते चार. शाळकरी मुलांना रोजच्यापेक्षा उशिरा झोपवून लवकर उठवायचं असतं, किती ते वयावर ठरतं. तान्ह्या बाळाची रात्र मोडण्याची सहसा गरज नसते. त्याची सकाळची झोप तेवढी लांबवायची, आणि तारीखही त्याच्या झोपेच्या वेळेचीच मागायची.

डॉक्टरांना आधीच सांगायच्या गोष्टी:
— गरोदरपण.
— फिट वारंवार येत असणं, किंवा पूर्वी जागरणाने मोठी फिट आलेली असणं.
— बायपोलर आजार. त्यात जागरणाने मन उसळी घेऊ शकतं.
— हृदयविकार, दमा, अलीकडचा पक्षाघात.
— सिकलसेल. तपासणीत जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, ते सिकलसेलमध्ये टाळतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार पुष्कळ घरांत आहे. "रक्ताचा आजार आहे, त्याचा डोक्याशी काय संबंध" म्हणून लोक तो सांगतच नाहीत.

सावधान: फिटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. "पट्टीत नीट दिसावं म्हणून दोन दिवस गोळी दिली नाही" असं सांगणारे महिन्यातून एकदा तरी भेटतात. वर जागरण असताना गोळी चुकवणं म्हणजे फिटला आमंत्रण. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं असेल तरच गोळी थांबवायची, एरवी रोजच्या वेळी रोजचा डोस.

टप्पा २: आदला दिवस

केस. मेंदूतले संकेत फार क्षीण असतात. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर डोक्याच्या कातडीवर त्यातले साधारण १० ते १०० हाती लागतात. मध्ये तेलाचा थर आला की त्यांच्या जागी खरखर दिसते आणि तार घसरते ती वेगळीच. म्हणून संध्याकाळी शाम्पूने दोनदा डोकं धुवा, पूर्ण वाळवा. नंतर तेल, कंडिशनर, जेल काहीही नको. दोन-तीन दिवस आधी केसांना मेंदीही नको. केस कापावे लागत नाहीत, टक्कल तर मुळीच नाही.

इथे आजी आडवी येते. धुतलेलं डोकं कोरडं बघवत नाही म्हणून सकाळी निघताना ती हळूच खोबरेल चोपडते, आणि आमच्याकडे आल्यावर आई म्हणते, "नाही हो, तेल नाही लावलेलं." आजीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

डोक्यात उवा किंवा जखमा असतील तर लाजू नका, आधी कळवा. मुलाला ताप असेल तर फोन करून तारीख बदलून घ्या. चोंदलेल्या नाकाने झोपही लागत नाही.

चहा. आदल्या दुपारनंतर बंद. कॉफी, कोला, झोप उडवणारी डबाबंद पेयं, चॉकलेट, सगळंच. "चहाशिवाय रात्र कशी काढणार?" हा प्रश्न ठरलेला. पहाटे तीनचा कडक चहा तुम्हाला चारपर्यंत जागं ठेवेल, आणि सकाळी नऊला आमच्या खाटेवरही जागंच ठेवेल. तंबाखू आणि मिश्रीचंही तेच, निकोटिनही झोप उडवतं.

दुपारची वामकुक्षी. जो जागणार आहे त्याने टाळायची. जो जागवणार आहे त्याने मात्र जरूर घ्यायची, रात्री लागेल.

फाइल. जुने पट्टे, एमआरआय, चालू गोळ्यांची नावं आणि वेळा, शेवटची फिट कधी आली तो दिवस आणि वेळ. फोनमध्ये फिटचा व्हिडिओ असेल तर सोन्याहून पिवळं. "हातपाय वाकडे झाले" या वर्णनापेक्षा वीस सेकंदांच्या चित्रफितीतून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं.

झोपण्यापूर्वी तपासा: डोकं धुतलं का, रात्रीची गोळी दिली का, गजर दोन फोनवर लावला का, रात्री कोण किती ते किती जागणार हे ठरलं का.

टप्पा ३: रात्र

फिट येणाऱ्या माणसाला एकट्याने जागू देऊ नका. तो कितीही मोठा असो, कॉलेजात जाणारा असो. जागरणाने फिट येऊ शकते, आणि ती आली तेव्हा शेजारी शुद्धीवर असलेलं कुणीतरी हवंच. दोघांनी पाळ्या लावा, एक झोपला तर दुसरा जागा.

जागण्याची जागा नीट निवडा. गादीवर, सोफ्यावर, पांघरूण घेऊन जागरण होत नाही, चांगली झोप मात्र होते. मोठा दिवा लावून खुर्चीत बसा. पत्ते, कॅरम, लुडो, मटार सोलणं, काहीही चालेल. हात चालू राहिले पाहिजेत. दर अर्ध्या तासाने उठून घरात फेरी मारा, तोंडावर पाणी मारा. खरी कसोटी पहाटे तीन ते पाचची. त्या वेळेसाठी दमदार गप्पिष्ट माणूस राखून ठेवा. प्रत्येक घरात एक मामा असतो, तो तेव्हाच लावायचा.

मुलाला जागवायला फोन हातात देणं सोपं आहे, पण लुकलुकत्या दिव्याने किंवा पडद्याने ज्यांना त्रास होतो त्यांना ते नको. एरवीसुद्धा मुलं फोन बघता बघताच कलंडतात.

जागरणाच्या रात्री विहीर, तळं, गच्चीचा कठडा यांच्याजवळ जाऊ नका. पेंगत असताना गॅसपाशी उभं राहू नका. भूक लागली तर सोबतच्याने करून द्यावं. रात्री खाल्लेलं चांगलंच. उपास करून जागणारेही मला भेटलेत, त्याची काही गरज नाही.

रात्री फिट आली तर: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याभोवतालचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात बोटं, चमचा, पाणी काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका, हातात किल्ली कोंबू नका. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला असेल तर त्यांनी सांगितलं तसा वापरा. फिट ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन. फिट थांबली तरी जागरण तिथेच बंद. झोपू द्या, डॉक्टरांना कळवा आणि तपासणीचं काय करायचं ते त्यांनाच विचारा.

टप्पा ४: सकाळ आणि प्रवास

सकाळची गोळी वेळेवर. नाश्ता पोटभर: पोहे, उपमा, पोळीभाजी, रोजचं जे असेल ते. सोनोग्राफीला उपाशी जायची सवय असल्यामुळे पुष्कळ लोक इथेही रिकाम्या पोटी येतात. रक्तातली साखर उतरली तर पट्टीतल्या लाटाही बदलतात, आणि भुकेल्या माणसाला झोपही येत नाही. झोपेचं औषध देणार असतील तरच त्यांनी सांगितलेल्या वेळेपासून खाणं थांबवायचं.

तान्ह्या बाळाचं वेगळं. त्याला थोडं भुकेलं आणि पेंगुळलेलं आणा. सगळ्या तारा लावून झाल्या की मग पाजायचं. पाजता पाजता ते झोपतं, आणि आम्हाला हवं ते मिळतं. बाहेर बाकड्यावर पाजलंत तर ते तिथेच झोपेल, आणि तारा लावताना उठून खोली डोक्यावर घेईल.

आता प्रवास. सगळ्यात जास्त घात इथे होतो. रात्रभर राखलेली झोप गाडीच्या हेलकाव्यात दहा मिनिटांत निसटते. पंधरा-वीस मिनिटांची डुलकीसुद्धा महागात पडते: झोपेची तहान तेवढ्यावर भागते आणि खाटेवर तास गेला तरी डोळा लागत नाही.

— पेशंटने स्वतः गाडी चालवायची नाही, दुचाकी तर नाहीच. दुचाकीवर मागे पेंगत बसणंही धोक्याचं.
— मुलासोबत दोन मोठी माणसं हवीत. एकाचं लक्ष रस्त्याकडे, दुसऱ्याचं फक्त मुलाच्या पापण्यांकडे.
— एसटीत खिडकीची जागा, काच उघडी. मांडीवर डोकं ठेवू द्यायचं नाही. गाड्यांचे नंबर वाचायला लावा, भेंड्या लावा, चिमटेही चालतील.
— दोन तासांपेक्षा लांबचा प्रवास असेल तर आदल्या दिवशीच येऊन रुग्णालयाजवळ मुक्काम करा. नातेवाईक, धर्मशाळा, जे जमेल ते. रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी तपासणी, हा बेत मी तरी यशस्वी झालेला फारसा पाहिलेला नाही.
— पोचल्यावर बाकड्यावर बसू नका. नाव पुकारेपर्यंत आवारात फिरा. उशीर होत असेल तर आत येऊन सांगा, "हा आता पडेल." नंबर पुढे घेता आला तर आम्ही घेतो.

सावधान: घरून झोपेची गोळी किंवा उरलेलं सर्दीचं औषध पाजून आणू नका. काही झोपेच्या औषधांनी पट्टीवर वेगळ्याच जलद लाटा भरून येतात आणि नेमके हवे ते झटके दबतात. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या काही औषधांनी तर फिटची शक्यता वाढते. गरज पडलीच तर औषध आम्ही इथे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, वजन बघून देतो.

वाटेत डुलकी लागलीच तर लपवू नका. किती वाजता आणि किती वेळ ते सांगा. आम्ही वेळ पुढे सरकवून बघू शकतो. लपवलंत तर तासाभराने दोघांनाही कळतंच.

टप्पा ५: खोलीत

आत यायच्या आधी लघवीला जाऊन या. अर्ध्या झोपेतून उठलेला पेशंट पुन्हा झोपत नाही. वेणी सोडा, पिना काढा. कानातलं काढा, कारण कानाच्या पाळीवरही तार लागते. कपाळावरची टिकली आणि गंध पुसा, तिथेही दोन तारा असतात. तोंडात सुपारी, गुटखा, च्युइंगगम नको: जबडा हलला की पट्टीवर स्नायूंचं गवत उगवतं. शर्ट पुढून बटणांचा घाला, डोक्यावरून काढावा लागणारा नको.

मग मी टेपने डोकं मोजते, पेन्सिलीने खुणा करते, प्रत्येक जागा खरखरीत मलमाने घासते आणि पेस्ट लावून तार चिकटवते. डोक्यावर, कानांवर मिळून वीसच्या आसपास तारा. यालाच वीस-पंचवीस मिनिटं जातात. घासताना जरा चुरचुरतं, सुई कुठेही नाही. आणि शॉक नाही. तारा नुसत्या ऐकतात, आत काही सोडत नाहीत. मुलाला हे घरीच सांगून ठेवा. "गप्प बस, नाहीतर करंट देतील" अशी धमकी दिलेलं मूल माझ्या हाताखाली झोपेल कसं?

आधी थोडा वेळ जागेपणीची नोंद होते: डोळे उघडा, डोळे मिटा. मग दिवा मंद करतो. इथून पुढे सोबतच्याने पुतळा व्हायचं. फोन पूर्ण बंद, नुसता थरथरण्यावर नाही. पिशवीतली प्लास्टिकची चुरचुर नको, दर दोन मिनिटांनी "झोपला का?" नको.

पडद्यावर झोप येताना दिसते. मोठं माणूस डोळे मिटून जागं असलं की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी एक लय असते. पेंग आली की ती विरते, पापण्यांखाली डोळे संथ डोलायला लागतात. मग माथ्यावर टोकदार लाटा येतात आणि त्यांच्यामागून स्पिंडल: सेकंदाला १२ ते १४ लाटांची छोटी जुडी, सूत भरलेल्या चातीसारखी मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती. ती दिसली की मी खुर्चीत मागे टेकते. एकदा अगदी पहिली चाती उमटली आणि पिशवीत आईचा फोन वाजला, आरतीची धून. मूल उठून बसलं ते बसलंच.

झोप साधारण अर्धा तास मिळाली तर उत्तम. नंतर उठवून आणखी काही मिनिटं नोंद घेतो. ती संपेपर्यंत तारांना हात लावू नका, मुलाला कडेवर घेऊ नका.

कधी झोपेआधी, कधी नंतर, आणखी दोन गोष्टी होतात. एक, ३ मिनिटं खोल आणि जलद श्वास. लहान मुलांना आम्ही भिरभिरं फुंकायला देतो. बोटांना मुंग्या येतात, हलकं गरगरतं, दोन-तीन मिनिटांत सगळं निवतं. वर्गात बसल्या जागी क्षणभर हरवणारी मुलं पुष्कळदा इथेच, माझ्यासमोर, फुंकता फुंकता थांबतात. दोन, वेगवेगळ्या गतीने लुकलुकणारा दिवा. या दोन्हींत फिट येऊ शकते, आणि आमची तयारी असते. छातीत दुखलं, श्वास कोंडला तर लगेच हात वर करा.

टप्पा ६: नंतर

थेट घरी. ऑफिस, क्लास, बाजार काही नाही. पेशंटने त्या दिवशी गाडी चालवायची नाही, गॅस, यंत्रं, पोहणं यांपासूनही लांब राहायचं. झोपू द्या, मात्र गोळीची वेळ झाली की उठवा. धोका खोलीतून बाहेर पडल्यावर लगेच संपत नाही, त्या रात्रीची पूर्ण झोप होईपर्यंत सोबत ठेवा.

रिपोर्टवर "नॉर्मल" दिसलं की पेढे वाटू नका आणि गोळ्या तर अजिबात थांबवू नका. फिटचा आजार असलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांची पहिली पट्टी साफ येते. त्या तासाभरात काही उमटलं नाही, एवढाच तिचा अर्थ. डॉक्टर पुन्हा काढायला सांगतील, तेव्हा "पहिली चुकली म्हणून परत पैसे" असं समजू नका. उलटही खरं: आयुष्यात एकही फिट न आलेल्या काही जणांच्या, विशेषतः मुलांच्या, पट्टीवर अशा खुणा सापडतात. निदान होतं ते तुम्ही सांगितलेल्या हकिगतीवरून, पट्टी तिला जोड देते. म्हणून रिपोर्ट औषधाच्या दुकानात किंवा भावकीत वाचून न घेता, ज्यांनी तपासणी सांगितली त्यांच्याकडेच न्या. रात्री किंवा वाटेत काय घडलं तेही तिथे सांगा.

केसांतली पेस्ट कोमट पाण्याने सुटते. वाळून कडक झाली असेल तर आधी पाच मिनिटं ओला टॉवेल गुंडाळून ठेवा, नखांनी खरवडू नका. डोकं वाळलं की आजीला खोबरेलची बाटली परत द्या.